गाडीत जागा नाही

निमिष, दे इकडे तो मोबाइल. बघू तरी तुम्हा दोघांचा बेत. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड... मग बोटीनं एस्टोनिया, तिथून खाली लॅटव्हिया, लिथुएनिया. चौदा दिवस, जून महिना. डोंगर, तळी, लाकडी चर्चं, जुनी गावं. छान आहे. तुमच्या लग्नाला अजून वर्ष नाही झालं, हेच फिरायचं वय. जा, जरूर जा.

पण हे दहाव्या दिवसाचं काय लिहिलंयस, स्मृती? ‘दलदलीकाठी मुक्काम. मध्यरात्रीच्या उजेडात फळ्यांच्या वाटेवरून फेरी.’

हे काढून टाक.

हसू नका. लाइबा, तू माझी सख्खी नात, तू तरी हसू नकोस. बाल्कनीतला दिवा मालव आणि अशी इथे बस. उद्या शुक्रवार आहे, कुणाला ड्यूटी नाही. सांगतो. मी काही भुताखेतांच्या मागे लागणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षं या सौदी मुलखात काढली, रिकाम्या रस्त्यांवरून रात्री-अपरात्री गाडी हाकली, कधी काही दिसलं नाही. पण ही गोष्ट देवदत्तची आहे. आणि शेवटी शेवटी थोडी माझीही.

मी तेव्हा रास तनुऱ्याला एका ठेकेदाराकडे मंदूब होतो. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला, कुणाचं मूल जन्मलं, कुणाचा मुडदा गावी पाठवायचा, सगळं माझ्याकडे. देवदत्त आमच्याकडे इन्स्पेक्शनला होता. पन्नाशीचा, शांत, देवरुखचा. मी हर्णैचा, त्यामुळे आमचं जमायचं. मला जमालभाई म्हणायचा. त्याची बायको पद्मिनी इथल्या इंडियन शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना.

पद्मिनीवहिनी म्हणजे हिरवाईला भुकेली बाई. क्वार्टरच्या खिडकीत कुंड्या, आंघोळीचं पाणी साठवून त्यांना घालायची. मला म्हणायची, “जमालभाई, एकोणीस वर्षं वाळू पाहिली. आता एकदा शेवाळ बघून येऊ द्या. पायाखाली फूटभर शेवाळ असतं म्हणे तिकडे. गादीसारखं.” देवरुखच्या सड्यावर पावसाळ्यात इवलीशी लाल झाडं उगवतात, माश्या खाणारी. दवबिंदू म्हणतात त्यांना. लहानपणी ती त्यांच्याशेजारी पालथी पडून तासन् तास बघत बसायची. तीच झाडं तिकडच्या दलदलीत एकरांच्या एकर असतात, हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते देश बसले.

तीन वर्षं पैसे साठवले. दोघांचे व्हिसे झाले. शाळेतली तिची मैत्रीण विभा, तीही निघाली. आणि मे महिन्यात मी देवदत्तचा पासपोर्ट मागून घेतला.

इकाम्याच्या कामासाठी. दोन दिवसांचं काम होतं. मी म्हणालो, “देतो रे परत, ईदच्या आधी तुझ्या हातात.” तो म्हणाला, “जमालभाई, आठ जूनचं विमान आहे.” मी म्हणालो, “खलास, समज मिळाला.”

पासपोर्टांचा गठ्ठा मी कफीलच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, पुढ्यात ठेवला. त्यानं तो हुफूफला आपल्या खजुरांच्या मळ्यावर नेला, तिजोरीत टाकला, आणि हजला निघून गेला. फोन बंद. मळ्यावर धाकटा मुलगा, तो म्हणे बापाला विचारल्याशिवाय तिजोरी उघडणार नाही.

आठ तारखेला विमानतळावर दोघीच गेल्या. देवदत्तनं बायकोला सांगितलं, “तू हो पुढे. चार दिवसांत पासपोर्ट मिळतो. एस्टोनियात गाठतोच तुला.” वहिनी म्हणाली, “नक्की?” तो म्हणाला, “नक्की. पंधरा तारखेला.”

त्यानं आयुष्यात तिला एवढा एकच शब्द दिला असेल. बाकी वेळी न बोलताच करायचा.

ती रोज फोटो पाठवायची. डोंगराच्या कुशीत शिरलेला समुद्र. उभ्या फळ्यांचं काळं चर्च, आठशे वर्षांचं. रानात कुणीही जावं, फळं तोडावीत, कुणी हटकत नाही, अशी स्वीडनमधली वाट. ओंजळीत बेरी. फिनलंडमधलं तळं, त्यात काठावरचं झाड उलटं. आणि प्रत्येक फोटोखाली एकच ओळ: ‘रात्र होतच नाही इथे. झोप येत नाही. कधी येतोस?’

पंधरा तारीख गेली. सोळाला ईद झाली. देवदत्त मला दिवसातून दहा वेळा फोन करायचा, आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, बघतो, बघतो. ईदसाठी मी हुफूफला माझ्या मुलीकडे, आमिनाकडे, आलो होतो. मळा तिथून वीस मिनिटांवर. दोनदा जाऊन आलो. मुलगा झोपलेला. मुलगा बाहेर गेलेला. मीही फार जोर केला नाही. सणाचे दिवस, म्हटलं दोन दिवस इकडे-तिकडे.

हे मी तुमच्यापासून लपवत नाही. लपवून काय होणार?

अठरा जून, दोन हजार चोवीस. मंगळवार. ईदचा तिसरा दिवस. रात्री नऊला देवदत्तचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“जमालभाई... पद्मा सापडत नाहीये.”

विभानं त्याला नुकतंच कळवलं होतं. दोघी एस्टोनियात दलदलीकाठच्या एका लाकडी घरात उतरल्या होत्या. सोमवारी रात्री विभा जाड पडदे ओढून झोपली. वहिनीला झोप येत नव्हती. सकाळी तिचं अंथरूण रिकामं. विभाला वाटलं, फिरायला गेली असेल. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग पोलीस आले, कुत्री आली. संध्याकाळी दलदलीतल्या फळ्यांच्या वाटेवर वहिनीचे बूट सापडले. शेजारी शेजारी ठेवलेले. मोजे आत खोचलेले.

देवदत्त म्हणत होता, “ती पाय ठेवून बघायला उतरली असेल. शेवाळावर. तिला माहीत असतं कुठे पाय टाकायचा ते, सड्यावरची मुलगी आहे. कुठेतरी अडकलीय. मला जायला पाहिजे. मी हाक मारली की ओ देईल. मला पासपोर्ट द्या. जमालभाई, मी तुमच्या पाया पडतो...”

माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस, पण कधी आवाज चढवला नाही त्यानं. तो रडत होता.

मी मळ्यावर गेलो. त्या पोराला झोपेतून उठवलं, हात जोडले, ओरडलो. त्यानं तिजोरी उघडली. पण पासपोर्ट माझ्या हातात देईना. ज्याचा त्याच्याच हातात, सही घेऊन. मी विमानतळावर नेऊन देतो म्हटलं, तर मान हलवली. “ला.” नाही म्हणजे नाही. संपलं.

म्हणजे देवदत्तनं रास तनुऱ्याहून हुफूफला यायचं, दोनशे किलोमीटर, आणि पुन्हा दम्मामच्या विमानतळावर जायचं. विमान पहाटे चार चाळीसचं. त्यानं तिकीट काढलं, मोबाइलवर एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, काढली, आणि साडेदहाला निघाला. एकटाच.

आता पुढचं जे आहे ते त्यानं मला त्याच रात्री, नंतर, माझ्या गाडीत बसून सांगितलं. एक शब्द मी पदरचा घालत नाही.

वाटेवरचं अबकैक गाव मागे पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सणामुळे ट्रकही बंद. दोन्ही बाजूंना सपाट काळोख. गाडीतलं घड्याळ बारा दहा दाखवत होतं. तिकडेही बारा दहाच, कारण उन्हाळ्यात इथलं आणि तिथलं घड्याळ एकच असतं. फक्त इथे रात्र, तिथे नाही.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल. नाव: पद्मा.

त्यानं गाडी कडेला घेतली. कशी घेतली त्यालाच आठवत नाही. मागचे लुकलुकते दिवे लावले, फोन उचलला.

स्क्रीनभर उजेड. पहाटेसारखा, करडा. धुकं. त्यात ठेंगणी ठेंगणी पाइनची झाडं, पुरुषभर उंचीचीही नाहीत. आणि तिचा चेहरा.

“पद्मा! पद्मा, कुठे आहेस तू? बरी आहेस ना? अगं बोल ना!”

ती नुसती त्याच्याकडे बघत होती. केस कपाळाला चिकटलेले. मग तिनं फोन फिरवला. फळ्यांची वाट दिसली, दोन फळ्या रुंद, लांब गेलेली. दोन्ही बाजूंना काळं पाणी, हलत नसलेलं. ती चालायला लागली.

देवदत्तकडे कंपनीचा दुसरा फोन होता. त्यावरून त्यानं विभाला लावला. आनंदानं ओरडलाच तो, “विभाताई, ती आहे! जिवंत आहे! मला फोन आलाय तिचा, आत्ता, चालू आहे अजून! त्या फळ्यांच्या वाटेवर आहे ती, पोलिसांना सांगा, पळा!”





“देवदत्त...” विभा हळू बोलली. “तिचा फोन इथे आहे. माझ्यासमोर, टेबलावर. ती खोलीत ठेवूनच गेली होती. दुपारपासून बंद पडलाय.”

“मग हा कुणाचा...”

“आणि त्या वाटेवर पोलीस आहेत आत्ता. दहा-बारा माणसं. मी खिडकीतून बघतेय. तिथे... तिथे ती नाहीये.”

त्यानं तो फोन खाली ठेवला. पहिला हातात होता. त्यावर ती चालत होती.

फळ्या संपल्या. पुढे शेवाळ असावं... तर नव्हतं. वाळू होती. बारीक, सपाट. तोच करडा उजेड, पण झाडं नव्हती. विजेचे खांब होते. डांबरी रस्ता लागला. आणि रस्त्याच्या कडेला, लांब, दोन लाल ठिपके. लागायचे... विझायचे. लागायचे... विझायचे.

त्याच्या गाडीचे दिवे.

त्यानं आरशात पाहिलं. मागे काळोख. रस्ता रिकामा.

स्क्रीनवर गाडी जवळ येत होती.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी असतो तर पळालो असतो. देवदत्त दार उघडून बाहेर पडला आणि उलटा धावत सुटला. तिच्याकडे. काळोखात हात पसरून. “पद्मा! मी आलो! आलो बघ!” धावता धावता त्यानं हातातल्या फोनमध्ये पाहिलं. तिथे एक माणूस समोरून धावत येत होता. हात पसरलेला. तोंड वेडंवाकडं झालेला. तो स्वतःच. तो माणूस जवळ आला, मोठा झाला... आणि बाजूनं निघून गेला. फोन धरलेली ती थांबलीसुद्धा नाही. गाडीपाशी गेली. मागचं दार दिसलं.

आणि पाठीमागे, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. धप्प.

फोन काळा झाला.

तो रस्त्यात किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. मग चालत गाडीपाशी आला. पुढे बसला. मागे पाहिलं नाही. मी विचारलं, का नाही पाहिलंस रे? तर म्हणाला, “जमालभाई, मागे ती असेल तर ती मेली. मी पाहिलं नाही, तर अजून काही ठरलेलं नाही. तोवर ती तिकडे आहे. कुठेतरी अडकलेली आहे. मी जाऊन तिला काढणार आहे.”

त्यानं आरसा वर छताकडे वळवला आणि गाडी सुरू केली.

मळ्याच्या फाटकाशी तो सव्वाला पोचला. मी तिथेच उभा होतो. हवेत अजून भट्टीसारखी धग, माझा सदरा अंगाला चिकटलेला. तो उतरला आणि मला त्याचा हात लागला. बर्फ. ओठ निळे पडलेले. मला वाटलं, घाबरून झालं असेल. त्या पोरानं वहीत सही घेतली, पासपोर्ट दिला. एवढंसं काम. दीड मिनिट लागलं. ज्याच्यासाठी महिना गेला, ते दीड मिनिट.

मी म्हणालो, “तू असा गाडी चालवू नकोस. मी येतो, मी चालवतो. तू मागे पड जरा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी सभ्यपणे, नेहमीसारखा म्हणाला,

“गाडीत जागा नाही, जमालभाई.”

पाच माणसांची गाडी. मी तिच्याकडे पाहिलं. मागच्या काचा आतून धुरकटलेल्या होत्या. काही दिसत नव्हतं.

तो गेला. मी तिथेच उभा. पोरानं फाटक लावून घेतलं. मग माझ्या मनानं घेतलं की याला एकटं सोडायचं नाही. मी माझी पिकअप काढली आणि मागे निघालो. दोन-तीन किलोमीटरचं अंतर असेल. त्याचे लाल दिवे पुढे दिसत होते. ताशी एकशे चाळीसनं चालला होता तो. ठीक आहे, म्हटलं. सरळ चाललाय. साडेतीनच्या आत विमानतळावर.

तो काय करत होता? बोलत होता. तिच्याशी. सगळा रस्ता. लग्नानंतर मनात राहिलेलं सगळं. “मी यायला हवं होतं. पासपोर्ट नव्हता, पण मी भांडायला हवं होतं. कफीलच्या दारात बसायला हवं होतं. मी नुसता फोन करत राहिलो. तू एकदा सांग मला. जिवंत आहेस का? हो किंवा नाही. बोलू नकोस, काचेवर टिचकी मार. एक मारली तर हो...”

टिचकी वाजली नाही. पाणी ठिबकत होतं. सीटवरून खाली. एक थेंब... मग बऱ्याच वेळानं दुसरा.

अबकैकच्या पुढे उजव्या हाताला सब्खा लागतो. तुम्ही दिवसा पाहिला असेल, पांढरं मीठ पसरलेलं मैदान. वरून टणक दिसतं. खाली चिखल. काळा, खारा, तळ नसलेला. उंटसुद्धा त्यात पाय टाकत नाही. आपल्या या कोरड्या मुलखातली दलदल ती.

दोन वाजून दहा मिनिटं. मी लाल दिव्यांकडे बघत होतो. ते उजवीकडे वळले.

तिथे रस्ता नाही. फाटा नाही. काही नाही. दिवे वळले, खाली उतरले आणि मैदानात चालू लागले. सावकाश. वाट चुकलेल्यासारखे नाहीत. वाट माहीत असल्यासारखे.

मी हॉर्न दाबून धरला. फोन लावला. उचलेना.

त्यानं मला सांगितलं ते असं. समोर उजाडत होतं. दोन वाजता. करडा उजेड, त्याच्या पुढ्यात वाढत गेला. डांबर संपलं आणि चाकांखाली फळ्या वाजायला लागल्या. धड. धड. धड. दोन्ही बाजूंना ठेंगणी झाडं. काळं पाणी. हवा थंड. आणि ती मागे नव्हती. ती पुढे होती. गाडीच्या पुढे, चालत. पाठमोरी. त्याला एवढंच कळलं की पोचलो. विमान नको, पासपोर्ट नको, कुणाची सही नको. पोचलोच आपण. पंधरा तारखेचं वचन, चार दिवस उशिरा, पण पोचलो.

गाडीचं नाक खाली गेलं. मीठ फुटलं. चाकं रुतली. त्यानं दार उघडलं.

मी रस्त्याच्या कडेला पिकअप टाकली आणि त्याच्या चाकांच्या चाकोरीतून पळत गेलो. पायाखाली मीठ करकरत होतं. दोनशे-अडीचशे पावलं असतील. पडलो. उठलो. तो दारात उभा, एक पाय बाहेर टाकलेला. गाडीचे पुढचे दिवे चिखलात बुडालेले, उजेड म्हणून नव्हता. चंद्र मावळतीला, तोही आमच्या पाठीमागे.

आणि त्याच्या तोंडावर उजेड होता.

समोरून पडलेला. पहाटे खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर पडतो तसा. डोळ्यांत, कपाळावर, मिशीच्या प्रत्येक केसावर. मी समोर पाहिलं. काळोख. परत त्याच्याकडे पाहिलं... उजेड.

मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

“सोडा!” तो ओरडला. “थांबलीय ती! माझ्यासाठी थांबलीय! सोडा मला!”

“देवदत्त, तिथे कुणी नाही!”

“तुम्ही एकदा अडवलंत मला! आता तरी सोडा!”

खरं होतं ते. मीच अडवलं होतं. माझे हात सैल पडायला आले. अल्लाची शपथ, एक क्षण वाटलं, जाऊ द्यावं. पण मग मी त्याच्या कानात बोललो. काय सुचलं ते बोललो. म्हणालो, “वहिनी तिकडे चिखलात पडलीय एकटी. परक्या मुलखात. परकी माणसं तिला शोधतायत, त्यांना तिचं नावसुद्धा धड उच्चारता येत नाही. तिला घेऊन कोण येणार? तू की ते पोलीस?”

तो मग माझ्या अंगावर सगळं वजन टाकून खाली बसला. त्याच्या तोंडावरचा उजेड गेला. हळूहळू नाही. दिवा मालवल्यासारखा.

आणि मग तो ओरडला नाही, काही नाही. लहान मुलासारखा बारीक आवाजात म्हणाला, “गेली. एकटीच गेली.”

मी त्याला गाडीच्या पुढे एक पाऊल टाकू दिलं नाही. हे नीट ऐकून ठेवा. एक पाऊलसुद्धा नाही. दारापासून तसाच उलटा ओढत रस्त्यावर आणला, पिकअपमध्ये घातला, आणि विमानतळाकडे सुटलो. त्याची बॅग राहिली, गाडी राहिली. पासपोर्ट खिशात होता. वाटेत त्यानं मला हे सगळं सांगितलं. सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. विमान मिळालं.

वीस जूनला, गुरुवारी सकाळी, पद्मिनीवहिनी सापडली. फळ्यांच्या वाटेपासून फार लांब नाही. शेवाळाच्या काठाखाली, पाण्यात. डॉक्टर म्हणाले, सोमवारी रात्रीच गेली, बारा वाजायच्या आत. म्हणजे देवदत्तला फोन आला त्याच्या पुरा एक दिवस आधी. आधी पासपोर्ट मिळाला असता तर... नाही, सोडा. त्या हिशोबाला शेवट नाही. मी तो रोज करतो.

त्यानं अस्थी देवरुखला नेल्या. परत आला नाही. नोकरीचा राजीनामासुद्धा मीच टाइप केला आणि मीच सही घ्यायला पाठवला. घरी भावाकडे असतो आता. खातो, पितो, बागेत बसतो. मी दर ईदला फोन करतो. तो उचलतो. भाऊ सांगतो की काही विचारलं तर उत्तर देतो, पण जरा वेळानं. कुठून तरी लांबून चालत यावं लागतं म्हणे त्याला, उत्तर द्यायला.

काय गं स्मृती, हात का गार पडला तुझा? ये, लाइबाजवळ बस. संपलंच आहे. एवढंच राहिलंय.

ती गाडी कंपनीची होती. बाहेर काढायला पाहिजे होती. शुक्रवारी एकवीस तारखेला, नमाज झाल्यावर, मी क्रेनवाल्याला घेऊन सब्ख्यावर गेलो. भर दुपार, दोनचा सुमार. ऊन असं की मिठाकडे डोळे उघडून बघवत नव्हतं. तीन दिवसांत तिकडे कुणी फिरकलं नव्हतं, वाराही नव्हता. मिठावर उठलेली खूण तिथे महिनोन् महिने राहते.

गाडी तशीच होती, नाक खाली. ड्रायव्हरच्या दारापासून मागे रस्त्याकडे माझ्या चपलांचे ठसे, आणि फरफटत गेलेल्या त्याच्या सेफ्टी बुटांचे. ते मला ठाऊक होते.

मी गाडीला वळसा घालून पुढे गेलो.

पुढे मीठ अखंड होतं. जिथे मांजर टाकलं तरी बुडेल, तिथे वरचा थर कुठेही फुटलेला नव्हता. आणि त्यावर अनवाणी पावलं उठली होती. बाईची, लहान. अंगठ्याशेजारच्या बोटाशी गोल खूण, जोडव्याची. आत मैदानात गेलेली, सरळ.

एकटी नव्हती ती.

तिच्या उजव्या हाताला, बरोबरीनं, पावलाला पाऊल लावून, सेफ्टी बूट चालत गेले होते. डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली. त्याच गाडीच्या, त्याच दारापासून निघालेले. तेच बूट, जे घालून तो बुधवारी पहाटे माझ्या डोळ्यांसमोर विमानतळात शिरला.

क्रेनवाला पेशावरचा पठाण, हिंदीत म्हणाला, “चाचा, ये दोनों गए किधर? आगे तो कुछ है ही नहीं.”

मी हात कपाळाशी धरून बघत राहिलो. जिथवर नजर गेली तिथवर दोघांची पावलं होती. जाणारी.

परत आलेलं एकही नव्हतं.